खंडेराव मार्केटमागचा अननसवाला : सविस्तर रिव्ह्यू

बडोद्यात चांगला अननस कुठे मिळतो हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता एकदाच नीट लिहून टाकते, म्हणजे प्रत्येकाला वेगळं सांगायला नको. खंडेराव मार्केटच्या मागच्या बाजूला भाजीवाले संपून फळवाले सुरू होतात ना, तिथे एका ओट्यावर फक्त अननस असतात, दुसरं एकही फळ नाही. पाटी नाही, दुकानाला नाव नाही, मॅपवर शोधलंत तर सापडणार नाही, पण 'पाइनॅपलवाळा भाई' म्हणून विचारलंत की आजूबाजूचा कुणीही बोट दाखवेल. माझ्याकडनं पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते पुढे सांगते, पण आधी साडेचार का दिले ते वाचा.

तुम्ही म्हणाल एका अननसासाठी एवढं काय लिहायचं. पण अननस घेणं आणि केळी घेणं यात फार फरक आहे आणि तो बऱ्याच लोकांना माहीतच नसतो. केळी, आंबे आपण कच्चे आणतो, चार दिवस पेपरात नाहीतर तांदळाच्या डब्यात ठेवतो आणि ते घरी पिकतात, कारण त्या कच्च्या फळात स्टार्चचा साठा असतो आणि तोडल्यावर त्याची हळूहळू साखर होते. अननसात तसा साठा नसतोच. त्याची सगळी गोडी झाडावर असताना पानांकडून येते आणि देठ कापला की गोडी जिथे आहे तिथेच थांबते. घरी ठेवलात तर साल पिवळी होईल, वास थोडा वाढेल, फळ मऊ पडेल, पण गोड व्हायचं नाही, उलट काही दिवसांनी आंबायला लागेल. म्हणजे घरी आणल्यावर तुमच्या हातात काहीच उरत नाही, जे काय आहे ते शेतकऱ्याने कधी तोडला आणि विकणाऱ्याने तुम्हाला कुठला उचलून दिला यावरच आहे. अननसात आपण खरं तर समोरच्याची पारख विकत घेत असतो, आणि या भाईची पारख मी बडोद्यात दुसरीकडे पाहिली नाही.

ओट्यावर गेलात की तो आधी एकच विचारतो, "मासी, आजे खावानुं छे के काले?" आणि तुम्ही काय सांगता त्यावर ढिगातला वेगळा अननस निघतो. आजच खायचा असेल तर बुडाशी पूर्ण पिवळा झालेला आणि वास सुटलेला, परवा पाहुणे येणार असतील तर बुडाकडे थोडाच पिवळा पण हातात जड लागणारा. पूर्ण हिरवा कडक तो देतच नाही, कुणी स्वस्तात मागितला तरी नाही, बाजूला ठेवतो आणि म्हणतो हा ज्यूसवाल्याचा. मी बघून बघून शिकले ते असं : फळ उलटं करून बुडाचा वास घ्यायचा, तिथे गोडसर वास नसेल तर वर कितीही सोनेरी दिसू दे, सोडून द्यायचा. आणि वास दारूसारखा आंबूस आला तरी सोडून द्यायचा. दोन सारख्या आकाराचे असतील तर जड असेल तो घ्यायचा, रस जास्त असतो. डोळे, म्हणजे सालीवरचे ते षटकोनी खवले, एकाच जातीच्या दोन फळांत ज्याचे पसरट भरलेले असतील तो जास्त तयार. शेंड्याची पानं हिरवी टवटवीत पाहिजेत. आणि ते मधलं पान ओढून सहज निघालं की पिकला असं जे सगळे करतात ना, त्यावर माझा अजिबात भरवसा नाही, जुना शिळा झालेला असला तरी पान निघतंच. भाईसुद्धा गिऱ्हाईकाला पान ओढू देत नाही, दहा जणांनी ओढलं की शेंड्याचं काय होणार!

माल बहुतेक वेळा केरळचा. एर्नाकुलम जिल्ह्यात वाळकुळम म्हणून गाव आहे, मुवाट्टुपुळाच्या जवळ, तिथला अननस देशभर जातो, 2009 मध्ये त्याला जीआय टॅगही (त्या त्या भागाच्या खास मालाला मिळणारी सरकारी ओळख) मिळालाय. ती मॉरिशस जात, मध्यम आकाराची, डोळे खोल, गर चांगला पिवळा आणि करकरीत, कापून खायला हीच बेस्ट. कधीकधी मोठाले, दोन-अडीच किलोचे, फिकट गराचे आणि खूप रसाळ अननस दिसतात, ती क्यू जात. तिच्या पानांच्या कडांना काटे जवळजवळ नसतात, मॉरिशसच्या पानांना करवतीसारखे असतात, त्यावरनं लांबूनही ओळखता येतं. क्यू ज्यूस आणि जॅमला छान, नुसता खायला मला पाणचट वाटतो. भाई हे स्वतःहून सांगतो, मोठा आहे म्हणून तुमच्या गळ्यात मारत नाही आणि माझ्या मते साडेचार स्टारमधला निम्मा भाग याच गोष्टीचा आहे. त्रिपुराचा क्वीन अननस मात्र मी त्याच्याकडे कधी पाहिला नाही, तो तिथलं राज्यफळ आहे आणि 2015 चा जीआय आहे, वासाला फार सुंदर असतो म्हणतात. कुणाला बडोद्यात मिळाला तर मला नक्की कळवा.

रंगाबद्दल अजून थोडं, कारण मार्केटमध्ये बायका पिवळाधमक बघूनच उचलतात. अननसाच्या शेतीत इथेफॉन नावाचं औषध वापरतात, त्यातनं इथिलीन वायू निघतो. लागवडीनंतर झाडाला साधारण चाळीसेक पानं आली की ते देतात म्हणजे सगळ्या शेताला एकाच वेळी फूल येतं, नाहीतर एक झाड आज आणि दुसरं चार महिन्यांनी असं होऊन काढणीचा मेळच बसत नाही. हे काही आजकालचं फॅड नाही, पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर अननसाच्या काचघरात पूर्वीपासून धूर करतात, धुरातही इथिलीन असतं आणि त्याने झाडं फुलावर येतात. पण तेच औषध काढणीच्या आधी फळावर मारलं की सालीला एकसारखा पिवळा रंग येतो, आणि आत गोडी मात्र होती तेवढीच. म्हणून म्हणते डोळ्यांवर जाऊ नका, नाकावर जा.

आता जागेबद्दल. बाहेरगावच्यांसाठी सांगते, खंडेराव मार्केट म्हणजे ती मोठी दिमाखदार इमारत, सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये बांधली, त्यांच्या कारभाराला पंचवीस वर्षं झाली तेव्हाची, आणि आधीच्या खंडेराव महाराजांचं नाव दिलं. इमारतीत महानगरपालिकेची ऑफिसं आहेत आणि मागे भाजी, फळं, फुलांचं मार्केट. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते की शंभर वर्षांपेक्षा जास्त जुन्या महालासारख्या वास्तूच्या सावलीत आपण अजून रोजची कोथिंबीर घेतो. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडनं चालत येता येतं. गाडी आणू नका, पार्किंगचे हाल आहेत, रिक्षाने या.

कापण्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण ती बघण्याची गोष्ट आहे. बाहेरच्या लाऱ्यांवर (हातगाड्यांवर) काय करतात, चारी बाजूंनी जाड साल तासून चौकोनी ठोकळा काढतात, डोळे तर जातात पण त्याबरोबर सगळ्यात गोड गरही जातो, कारण अननसाचा सालीजवळचा भाग आतल्यापेक्षा गोड असतो. हा माणूस आधी लांब पातळ सुरीने साल अगदी बारीक काढतो, सगळे तपकिरी डोळे तसेच राहतात, मग फळ हातात फिरवत डोळ्यांच्या तिरक्या ओळीने दोन्ही बाजूंनी व्हीसारखी खाच देत जातो आणि एकेक ओळ दोरीसारखी सुटून येते. फळावर गोल फिरणाऱ्या नागमोडी खाचा राहतात आणि गर जवळजवळ काहीच वाया जात नाही. हे जमतं कारण अननसाचे डोळे कसेही नसतात, तिरक्या ओळीत असतात, एका दिशेने मोजल्या तर बहुधा 8 ओळी आणि दुसऱ्या दिशेने 13, आणि उभट ओळी मोजल्या तर मोठ्या फळात 21. फिबोनाचीचे आकडे आहेत हे, म्हणजे आधीच्या दोघांची बेरीज केली की पुढचा आकडा येतो, माझ्या भाचीला गणिताच्या पुस्तकात होते, तिला मी इथे आणून ओट्यावर मोजायला लावले आणि भाईने शांतपणे फळ धरून ठेवलं, मागे गिऱ्हाइकं उभी असताना.

आणि ते डोळे म्हणजे काय माहितीये का? प्रत्येक डोळा म्हणजे एक फूल. अननस हे एक फळ नाहीच, शंभर-दोनशे छोटी जांभळी फुलं एका दांड्यावर दाटीने येतात, मक्याच्या कणसावर दाणे असतात तशी, प्रत्येकाचं एक छोटं फळ होतं आणि ती सगळी एकमेकांत मिसळून हे एक मोठं फळ बनतं. मधला कडक दांडा म्हणजे झाडाचं खोडच, ते फळातनं आरपार जाऊन वर शेंडा होऊन बाहेर पडतं. बिया नसतात कारण एकाच जातीच्या झाडांचं आपापसात फलन होत नाही. दुसऱ्या जातीचा पराग मिळाला तर बारीक तपकिरी बिया होतात, भाईने मला एकदा डोळ्याच्या खाचेतनं अशी बी काढून दाखवली होती. हवाईमध्ये तर याच कारणासाठी हमिंगबर्ड पक्षी आणायला कायद्याने बंदी आहे, अननसात बिया नकोत म्हणून!

कापून घेताना एक सांगा, गोल चकत्या नको, उभ्या फोडी करा. अननस बुडाकडनं वर पिकत जातो त्यामुळे बुडाचा भाग सगळ्यात गोड आणि शेंड्याकडचा आंबट. चकत्या केल्या की घरात एकाला सगळं गोड आणि दुसऱ्याला सगळं आंबट, आणि मग भांडणं. उभ्या फोडीत प्रत्येकाला दोन्ही येतं.

मसाला प्लेटही मिळते, संचळ (काळं मीठ), लाल मिरची आणि थोडं जिरं. खरं सांगायचं तर मसाला जास्त होतो, चांगल्या अननसाला एवढं लागत नाही, मी नुसतं चिमूटभर मीठ मागते. मीठ लावलं की आंबटपणा कमी जाणवतो आणि गोडी पुढे येते.

आता जिभेचं. खूप लोक म्हणतात अननस खाल्ला की जीभ चरचरते, आमच्या आत्याबाई तर ॲलर्जी समजून कित्येक वर्षं खातच नव्हत्या. खरी ॲलर्जीही असू शकते, ओठ सुजले किंवा श्वासाला त्रास झाला तर डॉक्टरकडेच जायचं, पण साधी चरचर बहुतेकांना होते आणि त्याचं कारण ब्रोमेलेन. हे प्रोटीन तोडणारं एन्झाइम आहे, अननसात कच्चेपणी भरपूर आणि मधल्या दांड्यात सगळ्यात जास्त, ते आपल्या जिभेवरच्या प्रोटीनवरच काम करायला लागतं, शिवाय फळात सुईसारखे बारीक ऑक्झलेटचे कण असतात ते टोचतात. तोंड आपोआप बरं होतं, काळजी नको. म्हणून दांडा खायचा नाही असं नाही, पण लहान मुलांना नका देऊ. भाई दांडा वेगळा काढून ठेवतो, मागितला तर फुकट देतो, मी तो किसून चटणीत शिजवते.

हे ब्रोमेलेन स्वयंपाकात न समजता नडतं म्हणून थोडं सांगते, बडोद्यातल्या मंडळींना तर जास्तच उपयोगाचं. आपल्याकडे मठो (दह्याच्या चक्क्याचा, श्रीखंडासारखा गोड पदार्थ) घरी करायची सवय आहे, त्यात आंबा घालतात तसा न शिजवलेला अननस चिरून घातला आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की सकाळी कडू होतो. ते दही खराब नसतं, ब्रोमेलेनने दुधातलं प्रोटीन तोडलेलं असतं आणि त्या तुकड्यांची चव कडू लागते. रायत्याचंही तेच, अगदी वाढायच्या आधी घातलं तर चालतं, ठेवलं की गेलं. यावर उपाय एकच, अननस आधी साखरेबरोबर पाच-सात मिनिटं नीट शिजवून पूर्ण गार करून मग मठ्यात, श्रीखंडात, बासुंदीत घाला, उष्णतेने ते एन्झाइम मरतं. जेलीचंही असंच, जिलेटिनच्या जेलीत ताजा अननस घातला तर ती सेटच होत नाही कारण जिलेटिन प्रोटीन आहे, पण चायना ग्रास घातलं तर होते कारण ते समुद्री शेवाळापासनं येतं आणि त्यात तोडायला प्रोटीन नाही. आपल्या शाकाहारी घरांत तसंही चायना ग्रासच असतं.

शिऱ्याला या भाईचा अननस घ्याच. लग्नाच्या पंगतीत जो अननसाचा शिरा वाढतात तो बहुतेक इसेन्सचा आणि पिवळ्या रंगाचा असतो, घरी केलेला आणि तो यात काहीच साम्य नाही. बारीक चिरलेल्या फोडी साखर आणि केशर घालून आधी शिजवून घ्यायच्या, रवा तुपावर मंद आचेवर खमंग भाजायचा, त्यात उकळतं पाणी घालायचं, दूध नाही, अननसाच्या आंबटपणाने दूध फाटायची भीती असते, आणि रवा फुलला की अननस त्याच्या पाकासकट. वरनं तूप सोडायला हात आखडू नका. माझ्या सासूबाईंना सत्यनारायणाचा केळ्याचा शिराच खरा वाटतो, पण अननसाचा केला की दुसऱ्यांदा मागतात.

घरात अजून दोन गोष्टी विचारल्या जातात. एक डायबिटीसवाल्यांची, 100 ग्रॅम अननसात साधारण 10 ग्रॅम साखर आणि 50 कॅलरी, व्हिटॅमिन सी जवळजवळ 48 मिलिग्रॅम, तेव्हा वाटीभर आणि वाडगाभर यात फरक करा आणि ज्यूस टाळा. दुसरी गरोदर बाईची. अननस खाल्ला की गर्भाला धोका असं आपल्याकडे घट्ट बसलंय, पण जेवणात खातो तेवढ्या चार फोडींनी तसं होतं याला पुरावा नाही. ब्रोमेलेनच्या गोळ्या ही वेगळी गोष्ट, त्या आणि रक्त पातळ करायची औषधं यांचं डॉक्टरलाच विचारा.

आता जो अर्धा स्टार कापला त्याबद्दल. उन्हाळ्यात दुपारी तो कापलेल्या प्लेट आधीच भरून बर्फावर ठेवतो, वर प्लॅस्टिक. बर्फ असतो हे खरं, पण एप्रिल-मेमध्ये बडोद्याचं ऊन काय असतं सगळ्यांना माहीत आहे आणि कापलेलं फळ उघड्या मार्केटमध्ये तासन्तास ठेवणं मला पटत नाही. मी त्याला हे तोंडावर सांगितलंय, तो हसून "तमारा माटे ताजुं कापुं" म्हणतो आणि समोर कापून देतो, पण जो सांगणार नाही त्याला बर्फावरची प्लेटच मिळते. तेव्हा तुम्ही सांगाच. दुसरं, गर्दीच्या वेळी सुरी बादलीतल्या पाण्यात बुडवून घेतो, ते पाणी वेळोवेळी बदललं पाहिजे. तिसरं म्हणजे पावसाळा. जुलै-ऑगस्टमध्ये फळ पाणचट येतं आणि बुडाला काळं पडतं, त्या दिवसांत तो स्वतः म्हणतो आज नका घेऊ, पण ज्या दिवशी तो नसतो आणि पुतण्या बसतो त्या दिवशी ही सूचना मिळत नाही. पुतण्याला अजून वासाचं कळत नाही, येईल हळूहळू. भाव बाहेरच्या लारीपेक्षा दहा-वीस रुपये जास्त असतो, घासाघीस करायला जाऊ नका, मी करत नाही, कारण एक आंबट अननस घरी आणून फेकण्यापेक्षा ते स्वस्तच पडतं.

ॲपवरनं मागवणाऱ्यांसाठी : मला एका डिलिव्हरी ॲपने हिरवा कडक अननस पाठवला होता, खाली लिहिलं होतं की तीन दिवस बाहेर ठेवा, पिकेल. नाही पिकत हो! पैसे परत मिळाले पण हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना काय देणार. कापलेले डबे मिळतात ते बरे असतात पण वास गेलेला असतो. आणि टिनमधला अननस हा वेगळाच प्रकार आहे, त्याला नावं ठेवत नाही, केकवर लावायला किंवा ऐनवेळी रायत्याला तोच उपयोगी कारण डब्यात भरताना तो तापवलेला असतो आणि कडू होत नाही. त्या सगळ्या चकत्या एका मापाच्या कशा हे मला लहानपणी फार कोडं वाटायचं. हवाईत जेम्स डोल यांनी 1901 मध्ये अननसाची कंपनी काढली आणि 1911 मध्ये त्यांच्याकडच्या हेन्री जिनाका यांनी असं मशीन केलं की फळ त्यात घातलं की साल निघून सरळ नळकांडं बाहेर येतं, दांडाही काढलेला. मग चकत्या सारख्याच होणार. चवीला मात्र पाकच लागतो.

ओट्यावर उभं राहिलं की चार भाषांतली नावं ऐकू येतात, आम्ही अननस म्हणतो, गुजराती बायका अनानस, हिंदीवाले अनन्नास आणि भाई स्वतः पाइनॅपल. पहिली तिन्ही एकाच मुळाची, दक्षिण अमेरिकेतल्या तुपी लोकांच्या 'नाना' शब्दातनं पोर्तुगीजांनी 'अनानास' केलं आणि फळाबरोबर नावही सोळाव्या शतकात इकडे आणलं. पपई, पेरू, काजू हे सगळे त्याच बाजूचे पाहुणे. इंग्रजांनी मात्र पाइनच्या फळाला आधीपासून जे नाव होतं तेच याला देऊन टाकलं, खवले बघून. कोलंबसाला हे फळ 1493 मध्ये ग्वादलूप बेटावर दिसलं आणि सव्वाशे वर्षांच्या आत ते आग्र्यात होतं, जहांगीरने स्वतः लिहून ठेवलंय की फिरंग्यांच्या बंदरांतनं आलेलं अननस गुलअफशान बागेत दरवर्षी हजारोंनी होतं. युरोपात त्याची इतकी किंमत होती की अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेजवानीला टेबलावर ठेवण्यापुरता अननस भाड्याने आणायचे, खायचा नाही, नुसता मांडायचा. आपल्याला तो भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीशेजारी मिळतो, हे नशीबच म्हणायचं.

बागेची आवड असणाऱ्यांनी इथनं शेंडा जरूर घ्यावा. शेंडा पिळून काढायचा, खाली चिकटलेला गर पूर्ण साफ करायचा नाहीतर कुजतो, खालची काही पानं सोलायची, चार-पाच दिवस सावलीत सुकू द्यायचा आणि मग पाणी न साठणाऱ्या भुसभुशीत मातीत लावायचा. पाणी बेताचंच घाला. या झाडाची गंमत ही की ते दिवसा पानांची छिद्रं बंद ठेवतं आणि रात्री गारव्यात उघडून हवा घेतं, त्यामुळे पाणी फार कमी उडतं, शिवाय पानांच्या बेचक्यात पावसाचं पाणी साठवून ठेवतं. निवडुंगाच्या पद्धतीने जगतं म्हणा, जरी घराणं वेगळं, ब्रोमेलियाचं. तरीसुद्धा आपल्या मेच्या उन्हात पानं करपतात, दुपारी सावली द्याच. शेंड्यापासनं फळ यायला दोन वर्षं तरी लागतात, बुडाच्या फुटव्यांपासनं दीड वर्षाच्या आसपास, म्हणून शेतकरी फुटवेच लावतात. झाड मोठं होऊनही फूल येत नसेल तर एक पिकलेलं सफरचंद कुंडीत ठेवून वरनं प्लॅस्टिकची पिशवी काही दिवस बांधून ठेवायची, सफरचंदातनं तोच इथिलीन निघतो. माझ्या गच्चीवर एक झाड छान पसरलंय, फळ अजून नाही, सफरचंदाचा प्रयोग या हिवाळ्यानंतर करणार आहे. आणि पसरतं म्हणजे खरंच पसरतं, काटेरी पानं तीन-चार फूट जागा खातात, जाण्यायेण्याच्या वाटेत ठेवू नका.

घरी नेलेला अख्खा अननस फ्रिजमध्ये टाकू नका, फार गारव्यात तो आतनं तपकिरी पडतो. एक-दोन दिवस बाहेरच राहू दे. कापल्यावर मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये, तीन दिवसांत संपवायचा.

जायचं तर सकाळी नऊ-साडेनऊच्या सुमारास जा, माल नुकताच लावलेला असतो आणि त्याला बोलायला वेळ असतो. रविवारी नको, फार गर्दी. यूपीआय चालतं, पिशवी आपली न्या. आणि शेंडा हवा असेल तर कापायला घ्यायच्या आधीच सांगा, नाहीतर तो पहिल्या झटक्यात तोडून खालच्या टोपल्यात टाकतो आणि त्या ढिगातनं मग आपला कुठला ते कळत नाही.